दगडाआधीचा शब्द

दंगलीचा इतिहास पहिल्या दगडापासून लिहिण्याची रीत आहे. आम्हांस वाटते, तो त्याआधी कानी पडलेल्या शब्दापासून लिहावा.

१९२३ साली नागपुरात तंटा झाला तो आवाजावरून. मशिदीपुढून वाजतगाजत दिंडी न्यावी की नाही, हा प्रश्न होता. टाळमृदंगाचा तोच नाद एकाला आपला हक्क वाटला, दुसऱ्याला आपल्या नमाजात केलेला व्यत्यय. सप्टेंबर १९२७ मध्ये, महालक्ष्मीच्या सणाला, महाल भागात दंगल पेटली आणि माणसे मेली.

शेजारी शेजाऱ्यावर का उठतो? द्वेष हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. फ्रेंच इतिहासकार जॉर्ज लफेव्र यांनी १९३२ साली १७८९ च्या ‘महाभया’वर ग्रंथ लिहिला. त्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या खेड्यांत वार्ता पसरली की लुटारू येत आहेत. गावकरी हत्यारे घेऊन जमले. आणि त्या जमावालाच दुरून पाहून पुढचे गाव ओरडले, ‘लुटारू आले!’ एकाचा बचाव दुसऱ्याला हल्ला दिसला.

महालात हेच पुन्हा घडले. १७ मार्च २०२५ रोजी, खुलताबादेतील औरंगजेबाची कबर हटवा, या मागणीसाठी तेथे निदर्शने झाली. बादशहा १७०७ सालीच वारला होता. पवित्र वचने असलेले वस्त्र जाळले, अशी वार्ता फिरली. ती अफवा असल्याचे मुख्यमंत्र्यांनी पुढे विधानसभेत सांगितले. पण तोवर महालात दगडफेक व जाळपोळ होऊन ती हंसापुरीपर्यंत पोहोचली होती. संचारबंदी लागली. एका जखमीने काही दिवसांनी रुग्णालयात प्राण सोडला.

भीतीने गुन्हा माफ होत नाही. भीती पेरणारेही असतात आणि त्यांना पीक कधी काढायचे ते ठाऊक असते. परंतु पेरलेले उगवते ते आमच्यासारख्यांच्या मनात. त्या रात्री आमच्याही फोनवर चित्रफिती आल्या. त्या कोणी काढल्या, कोठल्या, केव्हाच्या, हे न विचारता आम्ही त्या पाहिल्या, आणि पलीकडच्या वस्तीकडे पाहण्याची आमची नजर तेवढ्यात बदलली.

निवेदकावर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न आम्ही वर्गात वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना विचारत आलो. त्या रात्री तो आम्हांलाच सुचला नाही.