फ्ल्युओरीन चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शन

शरीरात बाहेरून मुद्दाम पोचविलेल्या फ्ल्युओरिनाच्या अणुकेंद्रांकडून येणारे रेडिओ संकेत टिपून त्या द्रव्याचे स्थान व प्रमाण दाखविणारी वैद्यकीय प्रतिमापद्धती. ‘एमआरआय’ या नावाने सर्वपरिचित झालेले नेहमीचे प्रतिमादर्शन पाणी व मेद यांतील हायड्रोजनावर चालते. येथे चुंबक तोच राहतो, परंतु विचारणा निराळ्या अणूकडे होते.

निसर्गात आढळणारे सारे फ्ल्युओरीन १९ द्रव्यमानांकाच्या एकाच स्थिर समस्थानिकाचे असते, आणि त्याची अनुस्पंदन-संवेदनक्षमता हायड्रोजनाच्या सुमारे ८३ टक्के भरते. ३ टेस्लाच्या चुंबकात हायड्रोजनाची कंप्रता सुमारे १२८ मेगॅहर्ट्झ, तर फ्ल्युओरिनाची १२० मेगॅहर्ट्झ असते. त्यामुळे प्रचलित यंत्राला या कंप्रतेचे वेटोळे व तदनुरूप प्रक्षेपक-ग्राहक यांची जोड दिली की काम भागते. पद्धतीचे खरे मर्म मात्र देहातील अभावात आहे. मानवी शरीरातील फ्ल्युओरीन बहुतांशी हाडे व दात यांत घट्ट बद्ध असून त्याचा संकेत यंत्राच्या हाती लागण्यापूर्वीच विरून जातो, आणि मृदू ऊतकांत ते नगण्य असते. म्हणून जो संकेत मिळतो तो आपणच दिलेल्या द्रव्याचा, हे निःशंकपणे म्हणता येते. कोऱ्या चोपडीत पहिली रक्कम जमा करावी, तसा हा हिशेब वजावाटीवाचून थेट मांडता येतो. रुग्णाशेजारी ज्ञात संहतीची नळी ठेवून तिच्याशी तुलना केली म्हणजे द्रव्याचे परिमाणही काढता येते.

पॉल लाउटरबर यांनी १९७३ मध्ये चुंबकीय अनुस्पंदनाने प्रतिमा घेता येते हे दाखविल्यानंतर चारच वर्षांनी, १९७७ मध्ये, हॉलंड, बॉटम्ली व हिन्शॉ यांनी फ्ल्युओरिनाच्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या. पुढील प्रगतीला पेरफ्ल्युओरोकार्बन संयुगांचा मोठा आधार मिळाला. ही संयुगे मुळात कृत्रिम रक्ताच्या शोधातून वैद्यकात आली. १९६६ मध्ये क्लार्क व गोलान यांनी ऑक्सिजनयुक्त पेरफ्ल्युओरोकार्बन द्रवात बुडविलेला उंदीर जिवंत राहतो हे दाखवून वैद्यकविश्वाला चकित केले होते. या द्रवांतील फ्ल्युओरिनाचा शिथिलनवेग (उद्दीपित अणुकेंद्रे मूळ स्थितीत परतण्याचा वेग) तेथे विरघळलेल्या ऑक्सिजनाच्या प्रमाणात वाढतो. साहजिकच अर्बुदाच्या कोणत्या भागात ऑक्सिजनाची टंचाई आहे, आणि म्हणून किरणोपचाराला कोणता भाग दाद देणार नाही, याचा अंदाज प्राण्यांवरील प्रयोगांत त्यावरून बांधता आला आहे.

फुप्फुसे हे या पद्धतीचे सर्वांत आश्वासक क्षेत्र होय. हवेने भरलेले फुप्फुस नेहमीच्या प्रतिमेत काळेच दिसते, कारण त्यात पाणी थोडे. पेरफ्ल्युओरोप्रोपेन हा निष्क्रिय वायू (दृष्टिपटल सुटल्यावर नेत्रशल्यविशारद डोळ्यात भरतात तोच) ७९ टक्के व ऑक्सिजन २१ टक्के असे मिश्रण रुग्णाने श्वासावाटे घेऊन क्षणभर श्वास रोखला, म्हणजे हवा कोठे पोचते व कोठे अडते याचा नकाशाच समोर येतो. आणि एकामागून एक श्वासांत वायू कसा भरतो व ओसरतो हे पाहिले, तर दमा किंवा दीर्घकालीन श्वासमार्गरोध यांत बाधित झालेले भाग वेगळे ओळखता येतात. अतिध्रुवित झेनॉन वायूच्या पद्धतीत लागणारे खर्चिक ध्रुवणयंत्र येथे लागत नाही, हा फायदा लहानसहान नव्हे; मात्र संकेताच्या प्रखरतेत झेनॉनच सरस ठरतो.

दुसरा उपयोग कोशिकांच्या मागावर राहण्याचा. एरिक आरेन्स व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये पेरफ्ल्युओरोकार्बनाचे पायस शोषलेल्या प्रतिरक्षा-कोशिका उंदरांत टोचून त्यांचा ठावठिकाणा दाखविला, आणि २०१४ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील पहिला मानवी अनुभव प्रसिद्ध केला. टोचलेल्या जागी दुसऱ्या दिवशी सुमारे निम्म्याच कोशिका शिल्लक असल्याचे त्यात दिसले. पायस शिरेवाटे दिल्यास रक्तातील भक्षक कोशिका ते गिळतात व दाहस्थानी नेतात, आणि हृदयस्नायूचा दाह प्राण्यांत या मार्गाने दाखविता आला आहे. तथापि कोशिका दुभंगली की खूण विभागली जाते, आणि कोशिका मेली की खूण तिच्या भक्षकाकडे जाते. दाखला राहतो, धनी मात्र बदललेला असतो. अशा प्रतिमेचा अर्थ लावताना ही सावधगिरी न बाळगणाऱ्याने केलेले अनुमान ग्राह्य धरू नये.

फ्ल्युओरीनयुक्त औषधांचाही शोध घेता येतो. कर्करोगावरील फ्ल्युओरोयुरॅसिल हे औषध आणि यकृतात त्यापासून बनणारी द्रव्ये यांच्या रेषा वर्णपटात वेगवेगळ्या उमटतात, व औषध अर्बुदात किती काळ टिकले ते रुग्णाच्या देहातच मोजता येते. फ्ल्युओरीनयुक्त भुलीची औषधे, उदाहरणार्थ आयसोफ्ल्युरेन, मात्र स्वतःचा संकेत मिसळून प्रयोगकर्त्याला चकवितात.

या पद्धतीत किरणोत्सर्ग मुळीच नाही. पॉझिट्रॉन प्रतिमादर्शनात वापरले जाणारे फ्ल्युओरीन १८ हे किरणोत्सर्गी, सुमारे ११० मिनिटे अर्धायुष्याचे. दोहोंची गल्लत करू नये. संवेदनक्षमतेत मात्र पॉझिट्रॉन प्रतिमादर्शन पुष्कळ वरचढ आहे. ऊतकातील पाण्याच्या हायड्रोजनाची संहती लिटरमागे कित्येक दशक मोल असता दिलेले फ्ल्युओरीन मिलिमोलांतच भरते, म्हणून प्रतिमा भरड येते व वेळ फार लागतो. शिवाय काही पेरफ्ल्युओरोकार्बने यकृत व प्लीहेत महिनोन्‌महिने रेंगाळतात; शरीर त्यांचे विघटन करीत नाही, ती अखेर उच्छ्वासावाटे बाहेर पडतात. या अडचणींमुळे ही पद्धती नित्याच्या रुग्णतपासणीत अद्याप रुजलेली नसून तिचा वापर मुख्यत्वे संशोधनापुरता राहिला आहे.