दात न पोखरता आत पाहणे

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींचे सुटे भाग तयार होतात. ओतीव भागाच्या पोटात पोकळी राहिली आहे का, हे तो न फोडता कसे ओळखायचे? ओतकामाच्या धंद्यात त्यासाठी क्ष-किरण वापरतात. दाताची अडचणही तीच. वरून दात धडधाकट दिसतो, कीड आत असते.

राँटजेन यांना क्ष-किरण सापडले नोव्हेंबर १८९५ मध्ये. जानेवारी १८९६ मध्येच जर्मनीतील दंतवैद्य ओटो वॉल्कहॉफ यांनी काळ्या कागदात गुंडाळलेली काचेची प्लेट तोंडात धरून स्वतःच्या दातांचे छायाचित्र घेतले. त्यासाठी किरण २५ मिनिटे सोडावे लागले! न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स नळी नीट चालते का हे पाहण्यासाठी आपलाच हात किरणांपुढे धरत. आधी बोटे गेली, मग हात. १९२८ मध्ये त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. याउलट बोस्टनचे विल्यम रॉलिन्स, तेही दंतवैद्यच, १९०१ मध्ये गिनीपिगवर प्रयोग करून हे किरण जीव घेऊ शकतात असे सांगत होते, नळीला शिशाचे आवरण घाला म्हणत होते. त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही, हे आम्हाला या इतिहासातले सर्वात बोचणारे पान वाटते.

पुढे फिल्म संवेदनशील झाली आणि १९८७ मध्ये फ्रान्समधून फिल्मऐवजी इलेक्ट्रॉनिक संवेदक आला. किरणांची मात्रा खूपच उतरली. तरीही आपल्याकडे दंतवैद्याला क्ष-किरण यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. पण मग शाळेच्या ओसरीवर शंभर मुलांची तपासणी कशी करायची? शिवाय क्ष-किरणांत हिरडीखालचे झिजलेले हाड दिसते, हिरडीची सूज दिसत नाही.

तोंडातील मऊ भागांसाठी डोळेच कामी आले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता आणि डेन्मार्कचे पिंडबोर्ग यांच्या गटाने महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली आणि १९७२ मध्ये मुखकर्करोग व त्याच्या पूर्वखुणांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. मिसरी आणि तंबाखूच्या या मुलुखात तोंड उघडून पाहणे हीच तपासणीची मुख्य रीत होती.

डोळ्यांना मदत करता येते. अतिनील प्रकाशात निरोगी दात चमकतो आणि किडलेला भाग वेगळा दिसतो, हे बेनेडिक्ट यांनी १९२८ मध्येच नोंदवले होते. जांभळ्या प्रकाशात दातांवरच्या जुन्या किटणातील काही जीवाणूंची पॉर्फिरीन द्रव्ये लाल चमकतात. पण असा दिवा स्वस्त नव्हता. १९९३ मध्ये नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी घडवला, त्याच्या पाठोपाठ जांभळे एलईडी आले, मोबाइलमध्ये कॅमेरा आला, आणि दिवा, गाळणी व कॅमेरा हे सारे साहित्य हाताशी आले. (मुलांना प्रयोग दाखवाल तर हळदीच्या पाण्यावर दाखवा, असा दिवा डोळ्यांवर मात्र मारू नका.)

हिरडी आणि दात यांमधली फट किती खोल, हे छायाचित्र सांगत नाही. त्यासाठी आजही खुणा केलेली बारीक सळई हिरडीत घालतात. ती टोचते आणि मोजणाऱ्याच्या हातागणिक आकडा बदलतो. २०१७ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील गटाने वेगळी युक्ती डुकराच्या जबड्यांवर करून पाहिली. माकुळासारख्या सागरी प्राण्याची खाद्य शाई पाण्यात व मक्याच्या पिठात कालवून ती फटीत जाऊ दिली. लेझरने शाई क्षणभर तापते, प्रसरण पावते, त्यातून ध्वनिलहरी उठतात, आणि त्या टिपून फटीचा आकार काढता येतो. लेझर महाग असतो. त्याच्या जागी एलईडी लावायचा त्या गटाचा विचार होता.