१४ फेब्रुवारी २०१७ : महिला फुटबॉल लीगचा पहिला करंडक

दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने ओडिशाच्या रायझिंग स्टुडंट्स क्लबचा ३-० असा पाडाव केला आणि इंडियन विमेन्स लीगचे पहिलेवहिले विजेतेपद पटकावले. स्पर्धेत सर्वाधिक गोल मणिपूरच्याच कमला देवीचे होते.

सहा संघ, एकच मैदान आणि सगळा खेळ अवघ्या १८ दिवसांचा! तळाच्या दोन संघांचा हंगाम पाच सामन्यांत आटोपला. तरीही या लीगने देशाचा फुटबॉल नकाशा बदलला. हरियाणातल्या अलखपुरा गावच्या, सरकारी शाळेच्या मैदानावर तयार झालेल्या मुली ऐझॉल आणि पुणे सिटी या व्यावसायिक क्लबांसमोर उभ्या राहिल्या. त्याआधी अशा मुलींपुढे क्लबकडून खेळण्याची राष्ट्रीय पातळीवरची वाटच नव्हती.

वाट झाली, पण रुंद व्हायला वेळ लागला. कोविडमुळे २०२०-२१चा हंगाम रद्द झाला. स्वतःच्या गावात आणि प्रतिस्पर्ध्याच्या गावात, असे दोन्हीकडे सामने पहिल्यांदा झाले ते २०२३-२४ मध्ये. तेव्हा ओडिशा एफसी जिंकली. त्याआधी गोकुलम केरळने सलग तीन विजेतेपदे मिळवली आणि आशियाई क्लब स्पर्धेपर्यंत मजल मारली.

महाराष्ट्राची बाजू मात्र दुबळी राहिली. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला. फुटबॉलवेड्या कोल्हापूरचा संघही या लीगमध्ये उतरला, पण करंडक अजून एकदाही राज्यात आलेला नाही.