वर्ध्याची परिषद आणि इंग्रजीचा तास

महाविद्यालयात इंग्रजीच्या तासाला विद्यार्थी प्रश्न का विचारत नाहीत? भाषा येत नाही म्हणून, असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. गाइडमधले उत्तर पाठ करून गुण मिळत असतील तर शंका घेण्याची गरजच उरत नाही, मग भाषा कोणतीही असो. याबाबत वर्ध्याच्या एका परिषदेकडून आपल्याला शिकण्यासारखे आहे.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी महात्मा गांधी होते. त्यांनी मांडलेली योजना अशी: सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण, माध्यम मातृभाषा, केंद्रस्थानी सूतकताईसारखा हस्तोद्योग, आणि मुलांच्या श्रमांतून हळूहळू शिक्षकांचा पगार निघावा. मॅट्रिकच्या अभ्यासातून इंग्रजी वजा करून उद्योग मिळवावा, असे तिचे सूत्र होते.

प्रांतांमध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे नुकतीच आली होती. सभेत गांधीजींबद्दल आदर होता. तरीही दिल्लीच्या जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन उभे राहिले. कृतीतून शिक्षण ही कल्पना अगदी नवी नाही, असे ते म्हणाले. स्वावलंबनावर फार भर दिला तर शिक्षक गरीब मुलांच्या श्रमांचे शोषण करतील आणि मग टकळी पुस्तकांपेक्षाही वाईट ठरेल, असा इशारा त्यांनी दिला. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी विचारले, शाळेतला माल बाजारात आला तर कारागिरांचे काय?

पुढे काय झाले? अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्षपद झाकिर हुसेन यांनाच मिळाले. शहाही समितीत होते. डिसेंबर १९३७ मध्ये अहवाल सादर झाला. त्यात योजनेचा पुरस्कार होता, आणि आर्थिक बाजूपायी शैक्षणिक उद्दिष्टांचा बळी जाऊ नये, ही सावधगिरीची सूचनाही होती. शंका घेणारा शत्रू ठरला नाही. त्याच्यामुळे योजनेत दक्षता आली.

चिकित्सा म्हणजे केवळ नकार नव्हे. या दोघांनी दावा नीट समजून घेतला, त्याचे परिणाम पुढे नेऊन पाहिले आणि नुकसान कोणाचे होईल ते विचारले. हीच तीन पावले आपण वर्गात टाकू शकतो.

योजनेचे चार मुद्दे सोप्या इंग्रजीत फळ्यावर लिहावेत. गटागटांत वाद मात्र आधी मराठीत होऊ द्यावा; विचार ज्या भाषेत सुचतो त्याच भाषेत तो प्रथम तपासता येतो. नंतर प्रत्येकाने आपला आक्षेप पाच इंग्रजी वाक्यांत लिहावा. त्यात ‘बिकॉज’, ‘बट’ आणि ‘इफ’ हे शब्द यायलाच हवेत, कारण युक्तिवादाचे सांधे तेच असतात. तपासताना आधी कारणाला गुण द्यावेत, व्याकरणाच्या चुका नंतर दाखवाव्यात. पहिल्याच ओळीवर लाल शाई पडली की विद्यार्थी पुन्हा गाइडकडे वळतो.

ज्या योजनेने इंग्रजीला बाजूला ठेवले, तिच्याच चर्चेतून इंग्रजीचा तास जिवंत होऊ शकतो. अट एकच: गांधीजींना विचारता येत होते ते प्रश्न आपल्यालाही विचारता आले पाहिजेत.