हौशी बोटीचा विमा : हप्ता कुठे वाचवावा, कुठे वाचवू नये

येरमाळा म्हटले की येडेश्वरी देवीचे मंदिर आणि चैत्र पौर्णिमेची यात्रा आठवते. बोट आणि तिचा विमा हे विषय या अवर्षणप्रवण भागाशी सहसा जोडले जात नाहीत. मात्र धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातील या गावापासून मांजरा धरणाचा जलाशय फार दूर नाही. पश्चिमेकडे उजनीचे विस्तीर्ण पाणी आहे. नोकरीनिमित्त शहरात राहणाऱ्या, पण गावाकडे घर असलेल्या एखाद्या हौशी माणसाने फायबरची छोटी बोट घेतली, ती गावातील शेडमध्ये ठेवली आणि पाणी असेल तेव्हा ट्रॉलीवरून जलाशयाकडे नेली, असे समजू. अशा बोटीचा विमा कमी खर्चात कसा उतरवावा? खडकवासला, मुळशी किंवा मांडव्याला बोट ठेवणाऱ्यांनाही याच प्रश्नाला तोंड द्यावे लागते.

थोडक्यात उत्तर असे : बोटीचे वर्ष प्रत्यक्षात जसे जाते तसे ते विमा कंपनीला सांगून हप्ता कमी करावा, दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी कमी करून तो वाचवू नये.

प्रथम इतरांची जबाबदारी

बोटीच्या विम्याचे मुख्यतः दोन भाग असतात. पहिला भाग बोटीच्या सांगाड्याचा, इंजिनाचा आणि साहित्याचा. दुसरा भाग बोटीमुळे इतरांचा मृत्यू, दुखापत किंवा मालमत्तेची हानी झाल्यास येणाऱ्या जबाबदारीचा, म्हणजेच थर्ड पार्टी विम्याचा. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ मध्ये नदी, तलाव व जलाशयांतील यांत्रिक बोटींसाठी नोंदणी, तपासणी आणि जबाबदारीच्या विम्याची तरतूद आहे. त्यामुळे इंजिनाची बोट बाळगणाऱ्याने हा दुसरा भाग ऐच्छिक समजू नये.

२१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट अचानक सुटलेल्या वाऱ्यात उजनी जलाशयात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. ती प्रवासी बोट होती, हौशी नव्हे. तथापि वळवाचा वारा बोट कोणाची आहे हे पाहत नाही. बोट गमावल्यास मालकाचे नुकसान बोटीच्या किमतीएवढेच होते. सोबतच्या माणसाचा जीव गेल्यास भरपाईची रक्कम त्या किमतीच्या कितीतरी पट असू शकते. म्हणून कोटेशन मागविताना जबाबदारीची मर्यादा आधी ठरवावी. या भागात मालकाच्या स्वतःच्या दुखापतीची भरपाई मिळत नाही. त्यासाठी वैयक्तिक अपघात विमा निराळा घ्यावा.

हप्ता कुठे कमी होतो

मराठवाड्यात बोट वर्षभर पाण्यात राहत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. इतकी टंचाई दरवर्षी नसली, तरी उन्हाळ्याचे काही महिने बोट शेडमध्येच असणार. विम्याच्या भाषेत बोट पाण्याबाहेर बंद ठेवण्याच्या या काळास ‘ले-अप’ म्हणतात. तो काळ पॉलिसीत नमूद केल्यास हप्त्यात सवलत मागता येते. मात्र नमूद केलेल्या काळात बोट पाण्यात उतरविल्यास दावा नाकारला जाण्याचा धोका असतो.

दुसरी बचत जलक्षेत्राची. केवळ जलाशयात फिरणाऱ्या बोटीसाठी सागरी क्षेत्राचे संरक्षण घेण्याचे कारण नाही. तिसरी बचत दाव्यातील पहिली ठराविक रक्कम स्वतः सोसण्याची, म्हणजे ‘एक्सेस’ची. खरचटणे, पोचे पडणे असा किरकोळ खर्च स्वतः करण्याची तयारी असल्यास एक्सेस वाढवून हप्ता उतरविता येतो. हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. दोन कंपन्यांची तुलना करताना तो दोन्हीकडे धरला आहे ना, हे पाहावे.

अटी वाचाव्यात अशा जागा

हौशी बोटींच्या पॉलिसीला पुष्कळदा लंडनच्या विमा बाजारात १९८५ मध्ये ठरलेल्या ‘इन्स्टिट्यूट यॉट क्लॉजेस’ या अटींचा आधार असतो. त्यांतील काही अटी आपल्याकडील मालकांना हमखास अडचणीत आणू शकतात.

• वापर : संरक्षण खासगी करमणुकीपुरते असते. सुटीच्या दिवशी पर्यटकांकडून पैसे घेऊन फेरी मारल्यास, कंपनीची पूर्वमान्यता नसेल, तर ते संरक्षण राहत नाही.

• इंजिन : बोटीच्या मागे अडकविलेले आउटबोर्ड इंजिन निसटून पाण्यात पडल्यास भरपाई मिळत नाही. ते चोरीस गेल्यास नेहमीच्या पकडीखेरीज वेगळे कुलूप लावलेले असणे आवश्यक असते.

• वेग : कमाल वेग १७ नॉटपेक्षा, म्हणजे ताशी सुमारे ३१ किलोमीटरपेक्षा अधिक असलेल्या बोटींना स्पीडबोटीच्या जादा अटी लागू होतात.

• वॉटर-स्कीइंग : बोटीमागे दोरीने ओढल्या जाणाऱ्या व्यक्तीची जबाबदारी मूळ संरक्षणात नसते.

• रस्ता : बोट वाहनामागे जोडलेली असताना इतरांना झालेल्या अपघाताची जबाबदारी बोटीच्या विम्यात येत नाही. येरमाळ्यासारख्या महामार्गावरील गावातून बोट नेणाऱ्याने ओढणाऱ्या वाहनाच्या विमा कंपनीकडे याची लेखी खात्री करावी. वाटेत बोटीचेच नुकसान झाल्यास काय, हेही विचारावे.

झीज, गंज आणि देखभालीचा अभाव यांमुळे झालेली हानी कोणतीच पॉलिसी सहसा भरून देत नाही.

विम्याची रक्कम किती असावी

हप्ता वाचविण्यासाठी बोटीची किंमत कमी दाखविण्याचा मोह होतो. सहा लाख रुपयांच्या बोटीचा विमा तीन लाखांचा उतरविला आणि एक लाखाचे नुकसान झाले, तर अल्पविम्याची अट लागू असल्यास पन्नास हजारच मिळतील. त्यातून एक्सेसही वजा होईल. बोट आणि इंजिन यांची किंमत कंपनीशी आधीच ठरवून पॉलिसीत लिहून घेणे, म्हणजे ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ पद्धत, अधिक श्रेयस्कर ठरते.

खरेदी आणि दावा

बोटीचा विमा मोटारीच्या विम्यासारखा सर्रास विकला जात नाही. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांच्या, तसेच खासगी कंपन्यांच्या मरीन विभागाकडे विचारणा करावी लागते. बोटीची लांबी, वय, बांधणीचे साहित्य, इंजिनाची अश्वशक्ती, ठेवण्याची जागा, चालविणाऱ्याचा अनुभव आणि पूर्वीचे अपघात यांची एकच माहिती सर्वांना द्यावी. तरच कोटेशनची तुलना सार्थ ठरते. सागरी विमा अधिनियम, १९६३ नुसार हा करार परम विश्वासाचा मानला जातो. महत्त्वाची बाब लपविल्यास कंपनी तो रद्द ठरवू शकते. नोंदणी, तपासणीचा दाखला आणि जलाशयात बोट चालविण्याची परवानगी यांच्या प्रती पॉलिसीसोबतच ठेवाव्यात.

अपघात झाल्यास प्रथम माणसे आणि मग बोट सुरक्षित करावी, पोलिसांना व कंपनीला तत्काळ कळवावे, छायाचित्रे घ्यावीत आणि सर्व्हेअरच्या पाहणीपूर्वी दुरुस्ती करू नये. दावा अन्यायाने नाकारला गेल्यास आधी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे, नंतर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ यंत्रणेकडे जाता येते. वैयक्तिक पॉलिसीधारकाला विमा लोकपालांकडेही विनाशुल्क दाद मागता येते. त्यांची कार्यालये मुंबई व पुणे येथे आहेत.

पाणी भरले की बोट बाहेर काढण्याची घाई होते. ती ट्रॉलीवर चढविण्यापूर्वी पॉलिसीतील तीन नोंदी पाहाव्यात : संरक्षणाचे महिने, जलक्षेत्र आणि जबाबदारीची मर्यादा. या तीन नोंदी आपल्या प्रत्यक्ष वापराशी जुळत असतील, तर कमी हप्त्याची पॉलिसीही चांगली. जुळत नसतील, तर ती कितीही स्वस्त असली तरी महागच पडेल.