चुकाऱ्याची रक्कम पेरणीपर्यंत कुठे ठेवायची? लिक्विड ईटीएफबद्दल सविस्तर

सोयाबीन, कपाशी विकून झाली, तुरीचाही चुकारा खात्यात आला. पण बियाणं-खताची खरेदी मे-जूनशिवाय नाही. अकोट, दर्यापूरपासून वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यापर्यंत अनेकांची रक्कम अशी दोन-तीन महिने बचत खात्यात पडून राहते. स्टेट बँकेने जून 2025 मध्ये बचत खात्याचा दर अडीच टक्क्यांवर आणला. म्हणून डिमॅट खातं असलेले काही जण लिक्विड ईटीएफकडे वळतात. सोय चांगली आहे, पण सगळ्यांच्या कामाची नाही.

हा म्युच्युअल फंडच. फक्त त्याची युनिट शेअरसारखी बाजारात घ्यायची-विकायची. फंड हा पैसा मुख्यतः सरकारी रोखे तारण घेऊन एका रात्रीपुरता उसना देतो, दुसऱ्या दिवशी परत घेऊन पुन्हा देतो. त्यामुळे शेअर बाजार आपटला तरी याला सहसा धक्का बसत नाही. परतावा रेपो दराच्या आसपास फिरतो. रेपो घटला की हाही घटतो. हमी नाही, बँकेसारखा 5 लाखांचा ठेव विमाही नाही. तसा तो पतसंस्थेतल्या ठेवींनाही नसतो, हे मात्र बरेच जण विसरतात.

देशातला असा पहिला फंड म्हणजे 2003 चा 'लिक्विड बीज'. तो बेंचमार्क कंपनीने आणला, आता निप्पॉन इंडियाकडे आहे. नावात बीज असलं तरी बियाण्याशी संबंध नाही! त्याचा भाव 1,000 रुपयांच्या आसपास राहतो आणि लाभांश युनिटच्या अपूर्णांकात जमा होतो. हे अपूर्णांक बाजारात विकता येत नाहीत. 2024 मध्ये आलेल्या झिरोधाच्या फंडासारख्या ग्रोथ प्रकारात भावच रोज थोडा वाढतो, ही कटकट राहत नाही.

आता हिशोब. परतावा वर्षाला साडेपाच टक्के धरला, तर 1 लाखावर 60 दिवसांत सुमारे 904 रुपये मिळतात. अडीच टक्क्यांच्या बचत खात्यात 411. फरक 493 रुपयांचा. पण 10 हजारच ठेवले तर फरक जेमतेम 49 रुपये, आणि विकताना लागणारं डीपी शुल्क, दलाली त्यातच जाते. काही दलाल हे शुल्क माफ करतात, ते आधी विचारून घ्यावं. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी ही कमाई करपात्र आहे, स्लॅबप्रमाणे.

खरी अडचण वेळेची. आज विकलं तर पैसे पुढच्या कामकाजाच्या दिवशी दलालाकडे, मग तिथून बँकेत. शुक्रवारी युनिट विकली, शनिवारी पाऊस पडला, तर कृषी केंद्रात द्यायला सोमवारपर्यंत हात रिकामे. डिमॅट नसेल तर साधा लिक्विड फंड बरा. बऱ्याच फंडांत 50 हजारांपर्यंतची रक्कम लगेच काढता येते. फक्त पहिल्या सहा दिवसांत काढली तर किरकोळ शुल्क बसतं.

आणि पीककर्ज थकीत ठेवून हा उद्योग करू नये. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्य पडतं. मुदत हुकली की ही सवलत जाते, आणि तेवढं नुकसान कोणताही लिक्विड फंड भरून देत नाही.