फॅरेडेचे लाल सोने आणि त्याची श्रद्धा

गरोदरपणाच्या घरगुती चाचणीत किंवा कोविडच्या रॅपिड टेस्टमध्ये पट्टीवर उमटणारी लाल रेघ पुष्कळदा सोन्याची असते. सोन्याचे कण काही नॅनोमीटरांइतके बारीक झाले की त्यांचा पिवळेपणा जातो आणि पाण्यात ते माणकासारखे लाल दिसतात. या लाल सोन्याचा पहिला पद्धतशीर अभ्यास मायकेल फॅरेडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये केला आणि फेब्रुवारी १८५७ मध्ये तो रॉयल सोसायटीपुढे मांडला. नॅनोवैद्यकाची, म्हणजे अशा अतिसूक्ष्म कणांच्या वैद्यकीय वापराची, वंशावळ मागे नेली तर ती या प्रयोगशाळेपर्यंत पोचते. तिथे काम करणारा माणूस सँडेमनियन या छोट्या ख्रिस्ती पंथाचा होता. त्याच्या श्रद्धेचा या कामाशी संबंध होता, असे माझे मत आहे. पण तो सहसा सांगितला जातो तसा नव्हता.

या पंथात पगारी धर्मगुरू नसे. मंडळीतून निवडलेले वडीलच उपदेश करत. पवित्र शास्त्रातले वचन सरळ अर्थाने घ्यायचे, त्याला स्वतःच्या कल्पनांची जोड द्यायची नाही, आणि पृथ्वीवर धन साठवायचे नाही, ही तिथली शिस्त. लोहाराच्या घरात जन्मलेल्या फॅरेडेने १८२१ मध्ये या मंडळीपुढे आपला विश्वास जाहीर केला. पुढे तो दोनदा वडील झाला. सरदारकी आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्याने नाकारले. सोन्याच्या प्रयोगांतही स्वतःच्या कल्पनांची जोड न देण्याचा हाच स्वभाव दिसतो. सोन्याच्या क्षारावर फॉस्फरसची क्रिया करून त्याने लाल द्रव मिळवला, त्यातून प्रकाशाचा झोत सोडला, आणि झोताची वाट उजळलेली पाहून द्रवात सोन्याचे अतिसूक्ष्म कण तरंगत असावेत असे अनुमान काढले. कण दिसत तर नव्हतेच. ते दाखवणारा अतिसूक्ष्मदर्शक यायला विसावे शतक उजाडावे लागले. मीठ घातले की लाल रंग निळा होतो आणि आधी जिलेटिन मिसळले तर तो टिकतो, हेही त्याने नोंदवले. प्रकाशाबद्दल मोठे काही हाती लागेल ही आशा फळली नाही, तरी जे दिसले तेवढेच त्याने तपशिलाने छापले. ते काम वाया गेले नाही. जिलेटिनसारख्या प्रथिनांमुळे सोन्याचे कण मिठापासून वाचतात या गुणावर कार्ल लांगे याने १९१२ मध्ये पाठीच्या कण्यातील द्रवाची चाचणी उभी केली. आजच्या पट्टीवरचे कणही प्रथिनांच्याच, म्हणजे प्रतिपिंडांच्या, आवरणात असतात.

यावर पहिला आक्षेप खुद्द फॅरेडेच घेईल. १८५४ च्या व्याख्यानात त्याने धर्मश्रद्धा आणि ऐहिक ज्ञान यांत स्पष्ट रेषा आखली होती. श्रद्धेची कसोटी प्रयोगाला लावायची नाही आणि प्रयोगाची श्रद्धेला नाही, असे त्याचे म्हणणे होते. ते मी मान्य करतो. म्हणूनच सोन्याच्या निष्कर्षांत बायबल शोधणे मला चुकीचे वाटते. मात्र ही रेषा निष्कर्षांपुरती होती. आठवड्याचे सहा दिवस काम करणारा आणि रविवारी मंडळीपुढे उभा राहणारा माणूस एकच होता, आणि वाचलेल्यापलीकडे न जाण्याची सवय तो सोबत घेऊनच प्रयोगशाळेत येत असणार.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. विखुरणाऱ्या प्रकाशाचे काम पुढे नेणारा जॉन टिंडॉल धर्मसत्तेचा कडवा टीकाकार होता. १८७४ च्या बेलफास्ट भाषणाने त्याने चर्चला उघड आव्हान दिले. म्हणजे असा संयम श्रद्धेवाचूनही येतो, हे कबूल करावेच लागते. ख्रिस्ती श्रद्धा नॅनोवैद्यकाची जननी आहे, हा दावा एवढ्यानेच कोसळतो. उरते ते मर्यादित विधान: या एका माणसात तो संयम या एका पंथातून आला. आणि त्याला आधार टिंडॉलचाच आहे. फॅरेडेच्या आठवड्याभराच्या बळाचा आणि चिकाटीचा बराचसा वाटा त्याच्या रविवारच्या उपासनेकडे जातो, असे टिंडॉलने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले होते. श्रद्धेचे कौतुक करण्यात ज्याचा काडीचाही फायदा नव्हता, त्याची ही साक्ष मला कुठल्याही धर्मोपदेशकाच्या दाव्यापेक्षा भरवशाची वाटते.